डेल्बर्टच्या हद्दीत

व्हर्लिन स्ट्राउडचा उभा जन्म मोंटानाच्या डोंगरात, लाकडाच्या वखारीत गेला. पलंगाशी एक बंदूक, दाराआड एक, गाडीत एक. जिथं पोलीस यायला तासभर लागतो तिथं माणसानं आपली राखण आपणच करावी, असं तो म्हणे, आणि गावात कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

मुलगा कर्टिसनं नॉर्वेची बायको केली, राग्नहिल्ड. ती बंदुकीला बिचकेल असं सासऱ्याला वाटलं होतं. पण ती स्वतःच शिकारी घरातली निघाली. फक्त तिच्या माहेरी बंदूक कुलपात असायची. "उशाशी कशाला घ्यायची?" तिनं विचारलं. "कुलूप उघडेपर्यंत चोर थांबतो होय तुमच्याकडे?" व्हर्लिन म्हणाला. दोघंही हसले आणि विषय तिथंच राहिला.

ऑगस्टात एका दुपारी ती डबा घेऊन रानात बेरी वेचायला गेली. व्हर्लिन पडवीत बसला होता. शेजारच्या डेल्बर्टचा कुत्रा भुंकायला लागला तो थांबेचना, म्हणून त्यानं दुर्बीण लावली. कुंपणापलीकडे उतारावर राग्नहिल्ड दोन्ही हात वर करून उभी होती. समोर डेल्बर्ट, रायफल खांद्याला लावून.

व्हर्लिनचा हात सवयीनं दाराआड गेला आणि तिथंच थबकला. घरी चोरी झाल्यापासून डेल्बर्ट सावलीलाही दचकायचा, त्यात कानानं अधू. व्हर्लिनच्या हातात बंदूक दिसली, तर ओळख पटायच्या आत गोळी सुटेल. आत येणाऱ्यावर गोळी झाडू, अशी पाटी कुंपणाला ठोकताना खिळे तर व्हर्लिननंच धरले होते.

तो रिकाम्या हातांनी निघाला. पळावं तर डेल्बर्ट बिथरेल, रेंगाळावं तर उशीर होईल. हाका मारत, हात दिसतील असे पुढे धरून तो चढण चढला आणि सुनेच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. नळी आता त्याच्या छातीवर होती.

"ही माझी सून आहे, डेल्बर्ट."

"पाटी वाचता येत नाही तिला?"

"वाचली," राग्नहिल्ड मागून हळूच म्हणाली. "चोरांसाठी असेल असं वाटलं."

"बाजूला हो, व्हर्लिन. जमीन माझी आहे."

"तुझीच आहे. मी काही हलत नाही."

डेल्बर्टचं बोट चापावरच होतं. कुत्रा भुंकतच होता. कितीतरी वेळानं नळी खाली झुकली.

परतताना राग्नहिल्ड ओढ्याकाठी बसली. तोंड धुऊन ती म्हणाली, "आमच्याकडे कुणाच्याही रानातून चालता येतं. त्यालाच आम्ही स्वातंत्र्य म्हणतो."

"आणि आमच्याकडे, न विचारता कुणी आत येत नाही, त्याला," व्हर्लिन म्हणाला. पण बोलताना त्यानं मागं वळून त्या पाटीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो डेल्बर्टकडे गेला आणि पाटी काढ म्हणाला. डेल्बर्टनं साफ नकार दिला. भांडण झालं नाही. पण कित्येक वर्षं सोबत शिकारीला जाणारे ते दोघे पुन्हा एका गाडीत बसले नाहीत.

व्हर्लिननं बंदुका विकल्या नाहीत. त्या त्याच्या बापाच्या होत्या, आणि त्या बाळगायच्या हक्कावर कुणी बोट ठेवलं तर तो अजूनही भांडे. फक्त पोलादी कपाट आणून त्यानं सगळ्या त्यात कुलूपबंद ठेवल्या. पहिले काही दिवस पलंगाशी हात चाचपडे आणि काहीच लागत नसे. राग्नहिल्डला त्यानं हे सांगितलं नाही.