वरचा उजवा कोपरा

अर्धांगवायूने बाबांची वाचा गेली, तेव्हा मी त्यांच्या टॅबमध्ये चित्रांचं एक अ‍ॅप घातलं. चित्राला बोट लावलं की माझ्याच आवाजात ‘पाणी’, ‘संडास’ किंवा ‘दुखतंय’ ऐकू यायचं. बाबा चित्रं बघतच नसत. जन्म गिरणीत मागावर गेलेला, हाताला जागा पाठ. दुखण्याची जागा वरच्या उजव्या कोपऱ्यात होती. दहिसरच्या आमच्या दोन खोल्यांत ते वर्षभर उत्तम चाललं.

मग एका सकाळी टॅब आपणहून अपडेट झाला आणि अ‍ॅप उघडेना. मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला.

“मॅडम, ते अ‍ॅप नव्या व्हर्जनवर चालत नाही,” तिकडची मुलगी म्हणाली.

“मग जुनं व्हर्जन परत टाकून द्या.”

“तसं होत नाही, मॅडम. पण नवीन खूप फास्ट आहे ना.”

“माझे वडील फास्ट नाहीत गं. त्यांना बोलता येत नाही.”

ती सॉरी म्हणाली. लगेच रेकॉर्ड केलेला आवाज आला: समाधानी असाल तर पाच दाबा, नसाल तर एक. मी एक दाबला. त्याने माझे आभार मानले.

मी पुठ्ठ्यावर चित्रं काढली. बाबांनी पुठ्ठा ढकलला, टॅब ओढला आणि उजव्या कोपऱ्यात बोट दाबलं. तिथे आता हवामान आहे, बोट लागलं की ते बोलून दाखवतं.

हल्ली स्वयंपाकघरात ‘आकाश निरभ्र राहील’ असं ऐकू आलं की मी दुखण्याची गोळी घेऊन जाते.