मधला शब्द

ये, इकडे सरक. उंबऱ्यावर काऊन बसली परक्यासारखी? आणि तो बिस्किटाचा पुडा उचल माझ्यापुढून. दर खेपेले आणते, दर खेपेले मी परत करते, तरी ध्यानात राहत नाई तुझ्या. आजी बिस्किट खात नाई. आणि मघाशी काय म्हणाली तू? इंग्रजी वाचताना मोठे मोठे शब्द पाहते, मधले बारके सोडून देते. सोडून देते म्हणे! तसल्याच एका बारक्या शब्दानं आमचं घर खाल्लं, पोरी. ऐक आता.

मी अकरा वर्षांची होती. आमचं गाव जंगल खात्याचं. घर खात्याचं, शेत खात्याचं, आम्ही पण खात्याचेच. स्वराज्य आलं म्हणत होते. आमच्याकडं साहेबाचा तोच बंगला, तीच पायरी. त्या दिवशी नागपूरहून पाहुणे आले होते शिकारीले. ते व्हरांड्यात खुर्च्यांवर. आम्ही खाली, धुळीत. रेंजर साहेबानं मले बोट केलं.

"ए मैना, इधर. पायरीवर नाई, खालीच राय. बोल."

मी बोलली, "बिकॉज."

सगळे हसले. एका जाड्या पाहुण्याच्या डोळ्यात पाणी आलं हसून हसून. "फिर से!" म्हणे. मी पुन्हा म्हटलं. त्यानं बशीतलं बिस्किट उचललं अन् फेकलं. हातात नाई. पायापाशी. मी वाकली. मातीतून उचललं. खाल्लं. गोड लागलं. तेच मले आजही सहन होत नाई. गोड लागलं होतं.

माझा बाप समोरच उभा होता, हात जोडून. तो पण हसत होता. त्याले वाटलं, पोरीचं कौतुक होऊन राह्यलं.

आता तो शब्द मी शिकली कुठी? पंख्याच्या दोरीवर. बंगल्यात छताले कापडाचा लांब पंखा होता. त्याची दोरी भिंतीच्या भोकातून बाहेर. बाहेर मी. दुपारभर ओढायची. आत मुन्शीजी, म्हणजे रेंज कचेरीचे कारकून, साहेबाच्या बेबीले इंग्रजी शिकवत. मोठे शब्द रोज बदलत. ते मले कधी समजले नाईत. पण मधले बारके तेच ते येत. अँड, बट, ऑर, इफ, बिकॉज. मुन्शीजी मराठीत समजावून सांगत अन् मी दोरी ओढता ओढता त्यांच्या दोन्ही बाजूले माझ्या घरचं सामान लावत जाय. भात अँड मीठ. भात आहे बट मीठ नाई. माय येईल ऑर मीच जाईन. इफ दोरी थांबली, छडी बसते. हे शेवटचं मले कोणी शिकवायची गरज नोती.

बिकॉजचं मुन्शीजी असं सांगत, "बेबी, आधी काय झालं ते लिहायचं. मग बिकॉज. मग त्याचं कारण." बेबी विचारे, "कारण खरं असलं पाहिजे का?" मुन्शीजी हसत. "वाक्य बरोबर असलं पाहिजे."

धडा संपला की पाटी माझ्याकडे. पुसायचं काम माझं. बेबीनं धडाभर गिरवलेला शब्द मी रोज ओल्या फडक्यानं पुसे. पुसून पुसून त्याचा चेहरा ओळखू यायले लागला. एक दिवस पुसता पुसता मोठ्यानं म्हटला. साहेबानं ऐकलं. तेव्हापासून मी मैना.

बिस्किटाच्या दुसऱ्या दिवशी हाका होता. माणसं रांगेनं जंगलात शिरत, डबे वाजवत, झाडाले काठ्या मारत, अन् जनावर बंदुकीकडे रेटत. रांग सोडायची नाई. सोडली की मधी फट पडते अन् जनावर फटीतून उलटते. माझा बाप हाक्यातला सर्वांत जास्त वयाचा, म्हणून देवाचं त्याच्याकडं. जंगलात शिरायच्या आधी हद्दीवरच्या देवाले पळसाच्या पानावर मोहाची धार द्यायची अन् बोट बुडवून एक थेंब आपल्या जिभेवर ठेवायचा. त्याच्याशिवाय आमच्यातला कोणी आत पाय टाकत नाई. बापानं धार दिली. थेंब घेतला. मी पाहिलं. थेंबच होता.

हाका अर्ध्यावर आला अन् त्या जाड्या पाहुण्याची टोपी काट्यात अडकली. त्यानं बंदूक झाडली होती पण नेम चुकला होता, रानडुक्कर जखमी फिरत होतं, अन् हा ओरडला, "ए बुढ्ढे, टोपी ला!" साहेब लोकाले नाई म्हणायचं आमच्या जिभेले माहीतच नोतं. बाप रांगेतून निघाला. टोपी काढली. तेवढ्यात डुक्कर आलं.

संध्याकाळच्या आत गेला माझा बाप. टोपी त्याच्या हातातच होती. ती मात्र कोणी विसरलं नाई, धुवून नेली.

दुसऱ्या दिवशी मायले कचेरीत बोलावलं. मी सोबत. रेंजर साहेब खुर्चीत, मुन्शीजी कागदावर. साहेबानं सांगितलं असं, की माणूस कामावर मेला तर घर अन् शेत बायकोकडं राहील. स्वतःच्या चुकीनं मेला तर नाव कटलं.

मुन्शीजीनं विचारलं, "त्यानं रांग सोडली होती?"

माय म्हणे, "हो जी. पाहुण्या साहेबानं टोपीसाठी बोलावलं जी."

"तेवढं नको सांगू. सोडली ना? आणि मोहाची घेतली होती?"

"हो जी. देवाची घेतली जी."

माय खोटं कशाले बोलेल? तिच्या लेखी ती दारू नोती, पूजा होती. पूजा केली का विचारलं तर कोण नाई म्हणते? उलट तिले बरं वाटलं, की साहेब लोकाले कळलं, हा माणूस देवाचं करून गेला.

मुन्शीजीनं लिहिलं. शाईची डबी मले धराले दिली, मायचा अंगठा काळा केला. कागद माझ्या नाकापुढं आला. मोठा शब्द एकही समजला नाई. मधोमध ओळखीचा चेहरा बसला होता. रोज पुसत होती तो.

आधी काय झालं ते. मग बिकॉज. मग त्याचं कारण.

मुन्शीजीनं विचारलेल्या दोनच गोष्टी त्याच्या दोन्ही बाजूले. त्यानं रांग सोडली, ते खरं. त्यानं मोहाची घेतली, ते खरं. दोन्ही गोष्टी खऱ्या अन् मधला शब्द खोटा. टोपी कुठीच नाई.

मी म्हटलं, "मुन्शीजी, इथी बिकॉज काऊन लिवला?"

मुन्शीजीचा हात थांबला. माझ्याकडं पाहिलं नाई त्यानं. रेंजर साहेब जोरात हसला. "अरे, मैना तर वाचते! फिर से बोल. बोल, बिकॉज." अन् डब्यातून बिस्किट काढलं.

मी बोलली नाई.

"बोल ना."

नाई बोलली. मायचा काळा अंगठा माझ्या मुठीत धरला अन् मूठ मिटली. म्हटलं, "माय, नोको देऊ." साहेबाचं हसू गेलं. "अंगठा नाई तर घर नाई," म्हणे.

घर गेलंच. आठ दिवसांत. मामाकडं राजुऱ्याले चालत गेलो, डोक्यावर एक गाठोडं. नंतर कळलं, त्या कागदाले दुसऱ्याच कोणाचा अंगठा लागला. म्हणजे माझी मूठ मिटूनही काही अडलं नाई त्यांचं. माय मरेपर्यंत मले एकच विचारत राह्यली, "दिला असता अंगठा, तर?" इफ.

तो कागद कुठल्या तरी कपाटात असेल. त्यात माझा बाप दारुडा आहे. मी मेल्यावरही राहील. रोज पाटी पुसणारी मी, तेवढा एक शब्द नाई पुसू शकली. त्याचं काही होणार नाई, मले माहीत आहे. कोणी धीर देऊ नये.

पण त्या दिवसानंतर मी कोणाच्या करमणुकीसाठी तोंड उघडलं नाई. मामाच्या घरी रद्दीच्या कागदावर बसून वाचायले शिकली, आधी मधले शब्द, मग बाकीचे. माझ्यापुढं कागद आला की मी पहिले तेच शोधते, की कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीले बांधली, अन् कोणाची टोपी गाळली. सापडेपर्यंत माझी मूठ मिटलेली. मी बसली आहे तोवर या मोहल्ल्यात कोणाचा अंगठा त्याच्या आधी लागणार नाई. घर जावो का राहो.

चल, उठ, बस निघून जाईल तुझी. लवकर ये बरं. महिना लावू नोको. ते इंग्रजीचं पुस्तक आण, बारक्या शब्दाले पेन्सिलीनं खुणा करून. बिस्किट आणू नोको.