रंजनानं परस्पर उरकलेला सौदा

अंकुशनगरच्या पुढं एका बागेत मी मोसंबीचा सौदा करत उभा होतो. बागवाला अडून बसला होता, मीही अडून बसलो होतो, आणि खिशातला फोन सारखा वाजत होता. सौदा चालू असताना मी फोन घेत नाही हे माझ्या बायकोला, शोभाला, चांगलं माहीत आहे. तरी वाजतच राहिला, तेव्हा घेतला. ती एवढंच म्हणाली, "आपली रंजना गेली." माझा विश्वास बसेना. कारण माझ्या लेखी रंजनाला तसं काही झालेलंच नव्हतं. गुडघे दुखतात, अशक्तपणा आहे, अधूनमधून तपासायला शहरात जाते, इतकंच माझ्या कानावर होतं. तिचं दुखणं बरं होणारं नाही, हे बाकी घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. मलाच सांगायचं नाही, असं तिनं प्रत्येकाकडून कबूल करून घेतलं होतं. "दाजींला कळलं तर ते डॉक्टरशी भांडतेल, दवाखान्यात तमाशा करतेल, अन् मला मरायच्या आधी लाजंनं मरावं लागंल," असं म्हणाली होती म्हणे. हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. जावा अशी माझी फार इच्छाही नाही.

रंजना माझी मेव्हणी, शोभाची धाकटी बहीण. तीर्थपुरीत आमच्याच गल्लीत राहायची आणि अंगणवाडी चालवायची. मी बाजारात पाटीभर फळं डोक्यावर वाहण्यापासून सुरुवात केलेला माणूस. आज उभ्या बागा उक्त्या घेतो. कोणाच्या वशिल्यानं काही मिळालं नाही, त्यामुळं माझा आवाज चढाच राहिला. माणसं मला भितात. रंजना भीत नव्हती. मी कोणावर तापलो की ती दारातून म्हणायची, "दाजी, जरा हळू. तुमच्या आवाजानं आमच्या वरणाला फोडणी बसून राह्यली."

गोदावरीच्या काठच्या हाडांचं वेड तिला गोधड्यांमुळं लागलं. दसऱ्याच्या आधी गल्लीतल्या बायका गोधड्या धुवायला नदीवर जातात. वाळू उपसून उपसून काठाचा एक भाग उघडा पडला होता आणि खाली गोट्यांचा घट्ट थर लागला होता. त्या थराच्या एका धोंड्यावर रंजना गोधडी आपटत होती. आपटता आपटता तिला त्यात शिंपले दिसले, आणि शिंपल्यांच्या मधे एक आडवी, पांढुरकी नळी. त्याच सुमाराला काठावर हातोडी घेऊन हिंडणारा कोणी अभ्यासक होता. त्याला तिनं ओल्या हातानंच गाठलं. तो म्हणाला, हे हाड आहे, आता दगड झालेलं. फार फार पूर्वी इथं हत्ती आणि रानबैल पाणी प्यायला यायचे. संध्याकाळी गोधड्या तशाच ओल्या ठेवून ती आमच्या घरी आली. "दाजी, आपल्या नदीत हत्ती हाईत. माझ्या पोरायला दाखवायचेत."

तेव्हापासून दर हिवाळ्यात गल्लीतल्या चार-पाच वर्षांच्या पोरांची नदीवर सहल निघायची. अंगणवाडीची म्हणून नाही, आपली घरगुती. सहल म्हटलं की आपल्याकडं आधी जेवणाचा बेत ठरतो. रंजना आधी लघवीचा ठरवायची. मग सावलीचा, मग पाण्याचा, आणि जेवणाचा सगळ्यात शेवटी. दिवस बाजाराचा धरायची, कारण त्या दिवशी बायका मजुरीला जात नाहीत. सकाळी निघायचं आणि दुपारच्या आत परतायचं, म्हणजे आयांचा बाजार बुडत नाही. माझा मात्र बुडायचा. बाजारचा दिवस माझा ऐन धंद्याचा, पण टेम्पो ठरवायचं काम दर वर्षी माझ्याच गळ्यात. एका म्हातारीनं एकदा खोडा घातला, "नदीला आसरा हाईत, पाण्यातल्या बाया, लेकरं ओढतेत." रंजना म्हणाली, "असू द्या की आजी. आमची लेकरं दोरीला धरून ऱ्हातील, अन् दोरीच्या पाण्याकडच्या टोकाला मी." पाण्याच्या बाजूला मोठं माणूस, हा तिचा नियम कधी मोडला नाही.

एका वर्षी मी तिला धंद्यातली युक्ती सुचवली. पोरांना काही सापडलं नाही तर हिरमुसतात, तेव्हा वाळूवाल्यांकडून चांगले तुकडे मिळवू आणि आदल्या दिवशी पुरून ठेवू. माझी नात माही त्या वर्षी पहिल्यांदा जाणार होती, तिच्या हाताखाली एक बरा तुकडा यावा एवढाच माझा हेतू. रंजना हसली नाही. म्हणाली, "दाजी, झाडाला दोऱ्यानं मोसंब्या बांधून बाग इकता का तुम्ही?" मी तापलो. मग ज्याला सापडणार नाही त्याचं काय, असं विचारलं. त्याचं उत्तर तिच्याकडं तयार होतं. ज्याला सापडलं नाही त्याच्या हातात दुसऱ्याचा दगड धुवायला द्यायचा. माती निघून आतलं हाड वर यायला लागलं की सापडल्याचा आनंद धुणाऱ्यालाच होतो. माहीला त्या दिवशी काही सापडलं नाही. तिनं दुसऱ्या पोराचा शिंपला धुतला, आणि घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटली की शिंपला तिनंच बाहेर काढला...

यंदा मात्र रंजनानं मलाच जुंपलं. "नदी पाहायला चला," म्हणाली, आणि काठावर गेल्यावर स्वतः एका दगडावर टेकली. "माझे गुडघे उठू देत न्हाईत. तुम्ही खाली बसा."

"मी कशाला बसू? उभ्यानं दिसून राह्यलं की सगळं."

"उभ्यानं तुम्हाला दिसतंय. पोराला काय दिसंल ते बघा."

बसलो. खरंच, उभ्यानं जो साधा उतार वाटत होता त्याच्या खाली उपशाचा खड्डा होता. बाभळीचे काटे होते, फुटकी बाटली होती. मी एकेक दाखवत गेलो आणि ती नुसती मान हलवत राहिली. तेवढ्यात एक ट्रॅक्टर आमच्याच जागेवरून यायला लागला. मी ओरडलो आणि त्याला लांबच्या वाटेनं पाठवला. रंजना म्हणाली, "चला, इतक्या वर्षांत तुमचा आवाज एकदा तरी कामाला आला."

मग तिनं मला घरोघरी नेलं. पोर पाठवता का हे आयांना विचारायचं, आणि विचारायचं मी. ती मागं उंबऱ्यापाशी उभी. सगळ्या बायकांचं एकच म्हणणं, "रंजनाताई संगं असतील तर पाठवू." आणि मी प्रत्येक दारात छाती ठोकून सांगत होतो, "असंलच की! माझा शब्द हाय." मागं उभी राहून ती ऐकत होती. तिला सगळं माहीत होतं, आणि तिनं मला शब्द देऊ दिला. धंद्यात माझ्याकडं भांडवल नव्हतं तेव्हाही शब्द होता, हे तिला ठाऊक होतं... तिच्यावरचा माझा खरा राग हा आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, त्या सगळ्या आया आल्या होत्या. मी त्यांच्याकडं पाहू शकलो नाही. घरी येऊन शोभाला म्हणालो, "सहल रद्द. कोणत्या तोंडानं पोरं मागू?" शोभा डोळे पुसत होती. तशातच म्हणाली, "ठरवली तिनं. रद्द करायची तर तिलाच इचारून या."

मी कोणाच्या दारात गेलो नाही. फक्त टेम्पोवाल्याला येऊ नको असं सांगायचं जिवावर आलं. बाजारच्या दिवशी सकाळी टेम्पो येऊन गल्लीत उभा राहिला, मी बाजूला उभा. थोड्या वेळानं एक तरुण बाई पोराला कडेवर घेऊन आली. तिच्या मागं दुसरी, तिसरी. मी म्हणालो, "बाई, मी तुम्हाला चुकीचा शब्द दिल्ता. रंजना न्हाई आता."

"माहीत हाय की काका. तुम्ही येऊन गेल्ते, त्याच्या दुसऱ्या दिवशी ताई परत आल्त्या. एकल्या. म्हणल्या, दाजींचा शब्द मी बदलून घेऊन राह्यले. मी नसंल बहुतेक, ते असतील. ते वरडतेत, पण जागेवरून हलत न्हाईत."

म्हणजे गल्लीतल्या लेकरांच्या आयांनासुद्धा माहीत होतं! दुखऱ्या गुडघ्यांनी ती प्रत्येक उंबरा पुन्हा चढली होती, माझा शब्द खोटा पडू नये म्हणून. माझ्या नावानं सौदा केला, मला न विचारता, आणि मी आयुष्यात केलेल्या कुठल्याही सौद्यापेक्षा चांगला.

"पण पोरांवर वरडायचं न्हाई," दुसरी म्हणाली.

"बराबर."

"फोनवर बोलत बसायचं न्हाई. अन् पाण्याच्या बाजूला तुम्हीच ऱ्हायचं."

"मंजूर." मी घासाघीस केली नाही. शोभा घरातून बादली घेऊन आली आणि टेम्पोत चढली.

नदीवर ऊन कोवळं होतं. पोरं थराच्या कडेला बसून काड्यांनी उकरत होती. आया मागं, शोभा धुण्याची बादली घेऊन मधे, आणि मी पाण्याच्या बाजूला. ज्याची धास्ती होती ते शेवटी झालंच. एक बारकं पोर मुठीत काहीतरी घेऊन माझ्यापुढं आलं. "हे हाड हाय का दगड?"

मला काय कळतंय? इतकी वर्षं मी टेम्पो ठरवला, हाडं ओळखायला कधी शिकलो नाही. रंजनाची मात्र एक सवय मी लांबून पाहिली होती. पोरानं काही आणलं की ती ते स्वच्छ धुवायची, फडक्यानं कोरडं करायची आणि जिभेच्या टोकाला लावायची. साधा दगड सुटून येतो, दगड झालेलं हाड ओढल्यासारखं चिकटतं. त्या हातोडीवाल्यानं तिला हे शिकवलं होतं. पोरांना स्वतः चाखायची परवानगी नव्हती. ते काम ताईचं.

मी तो तुकडा धुतला, पुसला, आणि चारचौघांत जीभ बाहेर काढली. पोरं गोळा झाली, बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. तुकडा जिभेला लागला आणि जागच्या जागी धरून बसला.

"हाय का? सांगा ना, हाय का?" पोर नाचत होतं. बोलता येत नव्हतं. मी नुसती होकाराची मान हलवली... हाव.