पालखीवरची जरीची चादर

नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले; तरी मनात घर करून राहिली ती उदगीरकडची एका चादरीची चोरी. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. ठाण्याच्या कागदांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून आम्ही नवं लिहीत होतो. त्यात दुष्काळ. निम्मे शिपाई पाण्याच्या टँकरच्या बंदोबस्ताला.

एका मठाच्या अध्यक्षांनी फिर्याद दिली. आडत व्यापारी, गावात वजन असलेले गृहस्थ. मठाच्या पालखीवर घालायची, निजामाच्या काळातली अस्सल जरीची चादर पेटीतून गेली होती. किल्ली राखणदाराकडे, म्हणून संशय त्याच्यावर. पन्नाशीचा माणूस. मठानं त्याला काढून टाकलं होतं. रोज ठाण्यात येऊन बाकावर बसायचा. कितीही उलटसुलट विचारलं तरी उत्तर एकच, “साहेब, पेटी म्या उघडलीच न्हाई.”

आठवड्यानं माझ्या हवालदाराला खबर लागली. बाजारात एक बाई जुन्या जरीचे पोपट, तोरणं, बटवे करून विकते. आम्ही तिच्या घरी गेलो. एका रफूगाराची विधवा. मांडीवर अर्धं झालेलं तोरण होतं. फिर्यादीत लिहिलेली मोरांची किनार मी लगेच ओळखली.

“कुठून आणलं हे?”

“बोहारणीकडून, साब. चिंध्यांच्या गाठोड्यात होतं.” ती घाबरली नाही. तुकडा माझ्यापुढे धरून म्हणाली, “हे बघा, मधलं समदं उंदरांनी खाल्लंय. कडेला कुणीतरी हिरव्या दोऱ्यानं टाके घातलेत, तेबी कच्चे. चोर कशाला टाके घालील?”

हे मला सुचलं नव्हतं. पंचनामा करून तुकडे ताब्यात घेतले आणि बोहारणीला गाठलं. जुने कपडे घेऊन भांडी देणारी ती बाई न कचरता म्हणाली, “आडतवाल्यांच्या घरून आणलं. मालकीणबाईंना पाणी साठवायला मोठी घागर पाहिजे होती.”

मी अध्यक्षांना बोलावून घेतलं. “चादर कधी घरी नेली होती का?”

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, “हाव. दुसरी किल्ली माझ्याकडंच असते. उंदरं लागली म्हणून नेली होती. सुनेनं टाके घालून बघितले. घरच्यांनी पुन्हा पेटीत ठेवली, असंच मी समजून राहिलो.”

राखणदार बाहेर बाकावरच होता. अध्यक्ष उठून त्याच्यापाशी गेले आणि सगळ्यांदेखत हात जोडले. “चुकलं माझं. उद्यापासून मठात या.”  राखणदारानं डोक्याचा रुमाल काढून डोळे पुसले.

चादर काही पुन्हा जुळणार नव्हती. मठानं तुकडे त्या रफूगाराच्या विधवेलाच दिले आणि तिनं मठाच्या दारासाठी मोरांचं तोरण करून दिलं. राखणदारानं ते बांधलं तेव्हा मीही तिथं उभा होतो. फार बरं वाटलं.

आठवडाभर मी एका गरिबाला तेच तेच विचारत होतो आणि वजनदार फिर्यादीला एक साधा प्रश्न विचारायचं राहून गेलं होतं. पुढं निवृत्त होईपर्यंत, चोरीची तक्रार घेऊन कुणीही आला, मोठा असो की लहान, त्याला पाणी द्यायचं आणि आधी विचारायचं: ती वस्तू तुमच्या स्वतःच्या हातात शेवटची कधी होती?