केरबाचं कडवं

“शेवटचं कडवं गाळू या गं. त्यात नाव येतं.”

लीड्समधल्या एका शाळेचा हॉल. मराठी मंडळाच्या महाराष्ट्र दिनाची तालीम. बोलल्या त्या वहिनी. कार्यक्रमप्रमुख, डॉक्टरांच्या पत्नी, मंडळातल्या सगळ्यांच्याच वहिनी. हातात यादी, तोंडावर हसू.

मी म्हणाले, “गाणं ज्यानं केलं त्याचंच नाव आहे ना, वहिनी.”

“तेच म्हणते. नाव आलं की ते एका समाजाचं गाणं होतं. इथे आपण सगळे एकच. चाल गोड आहे, लोकगीत म्हणून मस्त जाईल.”

पेटीवाला म्हणाला, “आणि ‘पाणी नाही दिलं त्यांनी’ हे श्रीखंड-पुरीच्या आधी कशाला?”

सगळे हसले. मीही हसले. हे लिहायला मला जड जातंय, पण लिहिते. मीही हसले.

ते गाणं माझ्या वडिलांचं, अण्णांचं. केरबा. नागपूरला मालधक्क्यावर पोती वाहायचे. अक्षरं जेमतेम जोडता यायची, गाणी सगळी डोक्यात. मी चौथीत गेले तेव्हापासून ती वहीत उतरवू लागले. आमच्या जलशांत रीत आहे, शेवटच्या कडव्यात गाणं रचणारा आपलं नाव गुंफतो. पुस्तक कोण छापणार त्याचं? ते कडवं हाच त्याचा सातबारा.

पाणी नाही दिलं त्यांनी, शाई हिसकून घेतली,
केरबानं लेकीसाठी वाट लिहून ठेवली.

ती लेक मी. घराण्यातली पहिली पदवी माझी. आज इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. आणि मंडळात कुणालाच मी सांगितलं नव्हतं, केरबा माझा कोण. फॉर्मवर ‘कवी’च्या रकान्यात मीच लिहिलं होतं, पारंपरिक. वहिनींनी कडवं नंतर कापलं. नाव आधी मी कापलं होतं.

त्या दिवसापासून अण्णा पाठीस लागले. त्यांना जाऊन सहा वर्षं झालीत. बसच्या वरच्या डेकवर, लॅबमधल्या मशिनच्या घरघरीत, कुठंही. मी गुणगुणत यायचे, ठरल्याप्रमाणे थांबायचे. मग मागून तो आवाज. पोत्यांची धूळ बसलेला. मी टाकलेलं कडवं उचलून शेवटापर्यंत न्यायचा. रागवायचा नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

लुपेनं मला थांबताना ऐकलं. ती मेक्सिकोची, नमुने घेण्याच्या काउंटरवर बसते. म्हणाली, “रोज तिथंच का अडकतेस? पुढचं येत नाही?”

मग तिनं तिच्या गावच्या गीतकाराचं सांगितलं. रांचेरा लिहायचा. रांचेरा म्हणजे त्यांची खेड्यापाड्यांतली, मळ्यांवरची गाणी. प्रेमाची, दारूची, दुखावलेल्या मानाची. तो खानावळीत भांडी घासायचा. वाद्य येत नव्हतं, नोटेशन येत नव्हतं. वाजवणाऱ्याच्या कानाशी बसून चाल गुणगुणायचा. पहिली गाणी त्या वाजवणाऱ्यांनी आपल्या नावावर खपवली. तो कफल्लक मेला. पण गावानं हट्ट धरला. आजही त्याच्या थडग्यापाशी जमतात. आधी त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं, मगच पहिली ओळ.

“नाव न घेता कुणी गायलं तर?”

“माझी आजी चप्पल काढते,” लुपे म्हणाली. “तुमच्याकडे नाव कोण गाळतं?”

“मी.”

तिनं नमुन्यांचा ट्रे माझ्या हातात दिला आणि काउंटरवर गेली.

कार्यक्रमाच्या दुपारी हॉल भरला होता. मी माइक घेतला. “हे लोकगीत नाही. हे केरबाचं गाणं आहे. केरबा माझे वडील. मालधक्क्यावरचे हमाल.” पहिल्या रांगेत वहिनींनी यादी मांडीवर पालथी ठेवली. मी गायले. शेवटच्या कडव्याला पेटी थांबली. मग तबला. मी पेटीशिवाय गायले. आवाज फाटला. अण्णांचाही फाटायचा.

टाळ्या थोड्या. जेवताना माझ्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. वहिनी जवळ आल्या, तेच हसू. “सांगायचंस ना आधी. आम्ही काय नाही म्हटलं असतं?”

“म्हटलंत की, वहिनी.”

आठवड्यानं मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. माझं गाणं होतं. आधीचं बोलणं नव्हतं. शेवटचं कडवं नव्हतं. खाली लिहिलेलं, पारंपरिक लोकगीत. बत्तीस अंगठे.

अण्णांचा आवाज आता येत नाही. मला वाटलं होतं, हलकं वाटेल. नाही वाटत. मी त्यांना कापलं होतं, हे काही कुठल्या गाण्यानं पुसलं जात नाही. ते राहू दे. ते माझ्याजवळ असलेलंच बरं.

मी ग्रुपवर लिहिलं, “पूर्ण लावा, नाहीतर काढा.” वहिनींनी खाजगीत विचारलं, “एवढ्याशा कडव्यासाठी एवढं?”

हो, एवढं. यापुढे जिथं गाईन तिथं पहिल्यांदा त्यांचं नाव घेईन आणि शेवटी त्यांचं कडवं म्हणेन. पेटी असो, नसो. बोलावणं येवो, न येवो. ज्याला चाल हवी त्यानं माणूस घ्यावा. अर्धा बाप मी कुणाला देणार नाही.