नंदूला दिलेली जागा

काकू,

आम्ही शहाड सोडलं त्या सकाळी टेम्पो चाळीच्या तोंडाशी लागला होता आणि तुम्ही आम्हा सगळ्यांसाठी पोहे केले होते. आईनं तुम्हाला आमचं निळं पिंप दिलं, कोरफडीची कुंडी दिली. "तिकडे चोवीस तास पाणी आहे म्हणे, पिंप घेऊन काय करू?" म्हणाली. शेवटी तुमच्या उंबऱ्याशी थांबून तिनं सांगितलं, "सरांना फोन केलाय मी. हिच्या जागी आपल्या नंदूला घेतील." तुमचे डोळे भरून आले. सरांच्या घरच्या क्लासला दहाच मुलं असत. एक गेल्याशिवाय दुसरं घेत नसत. नंदूसाठी तुम्ही दोन वर्षं थांबला होता.

मी अकरा वर्षांची होते, नंदू आठ. टेम्पोच्या फळीला धरून तिनं विचारलं, "ताई, तुझी चटई पण मलाच ना?"

मी हो म्हटलं.

माझी चटई सरांच्या उजव्या हाताला असे. हुशार मुलीला सर जवळ बसवतात, असं आई शेजारणींना कौतुकानं सांगायची. त्या चटईवर सर माझ्याशी काय करत होते, ते मी आईला त्या मार्चमध्ये सांगितलं होतं. तिनं गॅस बंद केला, मला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "उद्यापासून जायचं नाही. आणि कुणापाशी बोलायचं नाही." मे महिन्यात आम्ही निघालो, तोवर क्लासमधलं माझं नाव तसंच होतं. पाण्याच्या त्रासामुळे, असं चाळीत सांगितलं.

काकू, तुम्ही हे माझ्याकडून ऐकावं म्हणून लिहिते आहे. आठ दिवस लिहिते आहे.

जागा नंदूला नको, असं आई म्हणाली असती तर का ते सांगावं लागलं असतं. ठाण्यात, घोडबंदर रोडच्या घरात सामान लावताना मी तिला विचारलं होतं, नंदूचं काय. ती भांडी पुसत होती. "नंदू बोलकी आहे," म्हणाली. "तिला कोण काय करणार?" मग माझ्याकडे न बघता, "झालं ते शहाडला राहिलं."

शहाडला नंदू राहिली.

आता आम्ही चौदाव्या मजल्यावर असतो. गेटवर ॲपमध्ये नोंद झाल्याशिवाय कुणी वर येत नाही, लिफ्टमध्ये कॅमेरा आहे. आई पाहुण्यांना म्हणते, इथं किती सेफ वाटतं. चाळीत दारं दिवसभर उघडी असायची आणि मी तुमच्याकडे न विचारता जेवायला बसायचे. त्या उघड्या दारांतून कुणी अनोळखी माणूस आमच्यापर्यंत आला नाही. ज्याच्याकडे गेलो, त्याच्याकडे आम्हाला वेण्या घालून पाठवलं होतं.

नंदूनं मला एकदा फोन केला होता. मी कॉलेजच्या लायब्ररीत नुकतीच लागले होते, पुस्तकांवर नंबर चिकटवत होते. ती इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "ताई, तुम्ही पाण्यासाठी नव्हता ना गेलात?"

मला कळलं ती काय विचारते आहे. मी म्हटलं, "अगं, पाण्यासाठीच."

"बरं," म्हणाली. परत कधी तिनं फोन केला नाही.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेराव्याला मी आले होते. तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "इतकी बोलकी पोर, तिसरीत-चौथीत अशी मुकी का झाली, शेवटपर्यंत कळलं नाही गं." मी तुमच्या घरचं जेवून परत आले.

त्यानंतर मी काही बायकांबरोबर शाळांमध्ये बोलायला जाऊ लागले. आम्ही सगळ्याजणी यातून गेलेल्या. खडवलीच्या एका शाळेत एक शिक्षक म्हणाले, "मॅडम, आमच्याकडची मुलं चांगल्या घरची आहेत." मी म्हटलं, "सर, मीही चांगल्या घरचीच होते." मग त्यांनी माईक दिला.

बोलून झालं की आम्ही प्रत्येक मुलाला कागद देतो. प्रत्येकानं काहीतरी लिहायचंच. सांगण्यासारखं नसेल त्यानं डब्यात काय आहे ते लिहायचं. सगळेच लिहीत असले की एकच मूल उठून दिसत नाही. आमचा चिठ्ठ्यांचा डबा भरून येतो: भेंडी, भेंडी, टीचर रोज ओरडतात, तुमचा आवाज ऐकू येत नाही, मॅगी.

मागच्या महिन्यात शहाडजवळच्या एका शाळेत त्या भेंड्यांमध्ये एक चिठ्ठी निघाली. "क्लासमध्ये सरांच्या शेजारची चटई बदलून मिळेल का?"

खाली सरांचं नाव होतं.

त्या मुलीचं नाव मी तुम्हाला सांगणार नाही, कुणालाच नाही. मुख्याध्यापिका आधी म्हणाल्या, परीक्षा होऊ द्या. मी खुर्चीवरून उठले नाही. अशी गोष्ट कळल्यावर कायद्यानं थांबता येत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. त्याच दुपारी त्यांनी पोलिसांना कळवलं. मुलीचं क्लासला जाणं बंद झालं, सरांचा क्लास अजून चालू आहे. पण तिचे वडील हात जोडून म्हणाले, "मॅडम, विषय वाढवू नका. आम्हीच इथून जातो." त्यांनी खोली बघितली सुद्धा आहे.

ते गेले की एक जागा रिकामी होईल, काकू. कुणाची तरी आई वाट बघत असेलच.

म्हणून मी माझा जबाब देणार आहे. मी तेव्हा सांगितलं होतं, याला आई एकटीच साक्षीदार आहे. तिला मी दोनदा विचारलं. पहिल्यांदा ती देवघरात जाऊन बसली. दुसऱ्यांदा म्हणाली, "नंदूच्या आईला काय तोंड दाखवू?" ती येईल असं मला वाटत नाही. माझ्या एकटीच्या जबाबानं काही होईल का, तेही माहीत नाही.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी ठाणे सांगते. वीस वर्षं सांगते आहे, पण स्वप्नात चप्पल काढते ती तुमच्याच दाराशी. तुम्ही बोलावल्याशिवाय आता तिथं येणार नाही. नंदूनं विचारलं तेव्हा खरं सांगितलं असतं तर ती वाचली असती का, हे तुम्ही मला विचारा. मी ते रोज विचारते.

सोमवारी सकाळी चौकीत जायचं आहे. नाव, वय, तेव्हाचा पत्ता लिहून घेतील: चाळीतली खोली नंबर तीन. शेजारच्या चारमध्ये कोण राहायचं, तेही मी सांगेन. मग विचारतील, शहाड का सोडलंत.

या वेळी पाण्याचं नाव घेणार नाही.