ताप म्हणून लिहिलेला आजार

डॉक्टरसाहेबांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या खोटं बोलण्यानेच. आज त्यांना साठ वर्षं पुरी होताहेत, तुम्हीही चार ओळी लिहा असं मंडळींनी सांगितलं, तर सुरुवात तिथूनच केलेली बरी.

माझी सून सखू पहिल्या बाळंतपणानंतर बाळाला ओळखेनाशी झाली. रडायची, उठून शेताकडे धावायची. आम्ही तिला कापसाच्या खोलीत खांबाला बांधली. शेवटी गाडी जुंपून शहाद्याच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरसाहेबांनी आधी तिच्या मनगटांवरचे वळ पाहिले, मग माझ्याकडे.

"काय व्हयनं, माय?" साहेब मूळचे पुण्याकडचे, पण आमच्या बोलीत बोलायचे. आमच्या मिरचीच्या ठेच्यालाही कधी हरले नाहीत, ते असो.

"ताप शे," मी म्हटलं.

"बरं. ताप लिखस. पण दोरी आठेच ऱ्हाई." दोरी त्यांनी ठेवून घेतली, ती घेतलीच.

दवाखान्याच्या ओसरीत सखूच्या शेजारच्या खाटेवर मोलगीकडची एक पावरा जमातीची बाई होती. तिला तिच्या माणसांनी बाजेवर घालून डोंगर उतरून आणलं होतं. आजार तोच, पण त्यांनी लपवला नाही. रोग्यांच्या पुस्तकात तिच्या नावापुढे 'वेड' लागलं. साहेब दोघींशी सारखंच बोलत, सकाळी दोघींना शेजारी बसवून कापसातली सरकी काढायला लावत. हळूहळू सखू बाळाला मागू लागली. मी त्या दिवशी दवाखानाभर गूळ वाटला!

सखू अजून दवाखान्यातच होती, तेव्हा साहेबांनी अशा रोग्यांसाठी एक खोली मागितली. लोकल बोर्डाची मंडळी पाहायला आली, त्यांत माझे चुलतदीर. त्यांनी पुस्तक चाळलं. "वेडी सगळी डोंगरातली. त्यांना त्यांचे भगत आहेत. बोर्डाचा पैसा त्यात कशाला घालायचा?"

साहेबांनी सखूकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. पण ताप म्हणूनच ठेवीन, असा मला शब्द दिलेला. त्यापायी त्यांनी हातची खोली जाऊ दिली.

मी भाकरी घेऊन दारातच होते. मला राहवेना. "भाऊ, पुस्तकमा ताप लिखेल शे ना, तो मी सांगेल शे. मन्ही सूनले येड लागेल व्हतं."

"वहिनी, हाई घरनी गोट शे!"

"घरमाच झाकी ठेवी, म्हनीसन त तुमले दिसनी नही."

खोली काही त्याच दिवशी मिळाली नाही. पण आठवड्याभरात आमच्याच गावच्या दोन सासवा दवाखान्यात गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब, आमना बी ताप खोडा, येड लिखा." मग तिसरी गेली. तेव्हा कुठे बोर्डाने मंजुरी दिली. साहेबांनी तिथे दोनच खाटा मांडल्या. एक डोंगराची, एक सपाटीची, आणि दोहोंमध्ये पडदा लावू दिला नाही. रोग्यांजवळ बसायला आता सखूच जाते. तिची लेक, माझी नात, शाळेत जाते, आणि हे लिहिताना माझ्या चुका काढते आहे.

डॉक्टरसाहेब, तुम्ही शंभर वर्षं जगा, हातपाय धड राहोत, ठेचा पचत राहो. आणि दुसऱ्यांचं ऐकून ऐकून कधी तुमचंच मन जड झालं, तर आम्हांला ताप आला म्हणून सांगू नका. ओसरीत येऊन बसा. सरकी काढायला सखू बसेल, भाकरी मी आणीन.